रंगवलेला घट

चंपतरावांनी घटाभोवतीच्या काळ्या मातीत करंगळी खुपसली आणि बाहेर काढून नाकाशी नेली. आंबूस वास आला. नखात अडकलेला जवारीचा दाणा मऊ पडला होता. दाबताच तो पिठासारखा फुटला.

“सडले,” ते म्हणाले.

देवघराच्या उंबऱ्याबाहेर सोनाबाई मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. उन्हाळ्यात गुडीहत्नूरच्या तेलुगू प्रार्थनामंदिरात बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. चंपतराव त्यावरून पत्नीशी भांडले नव्हते, आणि बरे केलेस असेही म्हणाले नव्हते. नवरात्र आले तेव्हा त्यांनी स्वतःच बाजारातून घट आणला, पत्रावळीवर माती पसरली, धान्य पेरले आणि वाफ्याला द्यावे तसे रोज वरून पाणी दिले. पालेभाज्या पिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला वीतभर मातीची कसली शंका येणार?

“वरून काऊन टाकलं पानी?” सोनाबाईंनी मान वर न करता विचारले.

“मंग कुठून टाकू?”

“घटात भरा लागते. मडकं पाझरते, तेवढ्यानंच माती वली राह्यते.”

चंपतरावांनी मडक्यावरून तळवा फिरवला. बाजारातले सगळ्यांत देखणे म्हणून त्यांनी ते निवडले होते. लाल तैलरंग, वर पांढरी वेलबुट्टी. हाताला ओल लागली नाही.

“हे तं पाझरत नाई.”

“कसं पाझरन? रंग दिलाय त्याले. इतके वर्सं म्या कोरं मडकं आनत व्हती, कधी पाह्यलं नाई तुमी?”

त्यांनी खरोखरच पाहिले नव्हते.

अष्टमीला थोरले बंधू नागोराव कुटुंबासह जेवायला येणार होते. घट बसला त्या दिवशी ते ओट्यावर उभ्यानेच, सोनाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेले होते : “चंपत, बायको बाटली त्या घरात घट उगवते का, ते पाह्यतो. उगवला तं जेवतो. नाई तं भावकीत तुमचं येनंजानं बंद समज.”

“दुसरं मडकं आनू काय?” चंपतरावांनी विचारले.

“बसलेला घट हालवत नाईत,” सोनाबाई म्हणाल्या. “वरची माती काढा, कोरडी टाका. दाने नवे पेरा अन् हात वला करून निस्ता शिपका मारा. आज शुक्रवार. मंगळवारच्या अष्टमीपरेंत डोकं काढन जवारी.”

“तूच पेरून दे ना, प्रवीणची माय.”

जुडीभोवती दोरा गुंडाळणारा हात थांबला.

“थे नका सांगू मले.”

त्या बाहेरून सांगत राहिल्या आणि चंपतराव आत करत राहिले. एकदा त्यांनी माती थापटली, तेव्हा त्या एवढ्या जोरात ओरडल्या, की शेजारची चंदा कुंपणावरून डोकावली.

रविवारी सकाळीही मातीवर काही दिसेना. तिच्याकडे पाहत घरात बसणे जड झाले, तसे चंपतराव मोटारसायकल काढून प्रार्थनेला गेलेल्या सोनाबाईंना आणायला निघाले. एरवी त्या ऑटोने परतत असत.

पत्र्याच्या छपराखाली प्रार्थना चालू होती. ते बाहेर लिंबाखाली थांबले. एकेक जण उठून आपले मागणे सांगत होता. कोणाला मुलाची नोकरी हवी होती, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले होते. मग ओळखीचा आवाज आला. मोडक्या तेलुगूत सोनाबाई सांगत होत्या, की घरी धान्य पेरले आहे. पहिले सडले, पुन्हा पेरले आहे. ते उगवून यावे.

“ए पंटा, अम्मा?” पास्टरांनी विचारले. कोणते पीक?

“जोन्नलु, अय्या,” त्या म्हणाल्या. जवारी.

दिवस रब्बीच्या जवारीच्या पेरणीचेच होते. कोणाला काही वावगे वाटले नाही. सारे एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागले. एकाने जमिनीला ओल मागितली. एका म्हाताऱ्याने पिकाला रानडुकरांपासून राखण्याची विनवणी केली, आणि ती त्याने तीनदा केली. खिडकीतून चंपतरावांना सोनाबाई दिसल्या. डोक्यावर पदर, डोळे घट्ट मिटलेले. चंपतरावांनी गाडीची किल्ली हळूच खिशात टाकली आणि सगळे आवाज थांबेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

पास्टर बाहेर आले. चंपतरावांना पाहून त्यांनी आपुलकीने तेलुगूत विचारले, “किती एकर पेरली आहे?”

सोनाबाई चपला शोधत होत्या. त्या वाकल्या होत्या तशाच राहिल्या.

“थोडीच आहे,” चंपतराव तेलुगूतच म्हणाले. “घरापुरती.”

“उगवेल,” पास्टर म्हणाले.

गाडीपाशी आल्यावर चंपतरावांनी नागोरावांना फोन लावला.

“दादा, अष्टमीले या. घट उगवला नाई तं तो माह्या हातानं उगवला नाई. मडकं म्या आनलं, पेरलं म्या. तिले बोल लावाचा असन, तं जेवाले येऊ नका.”

पलीकडून काय उत्तर आले, ते सोनाबाईंना ऐकू आले नाही. चंपतरावांनी फोन खिशात ठेवला आणि गाडी सुरू केली.

“बस,” ते म्हणाले. “पानी शिपडाचं राह्यलं.”