नऊ खांब

धुडकू मिस्तरीनं शिडीवर उभं राहून पटाशी खांबाच्या माथ्याला टेकवली, हातोड्याचा एक ठोका दिला आणि बोटाएवढी चीर पाडली. तिच्या शेजारी दुसरी पाडली. तिसरीच्या वेळी खाली दोर धरून उभा असलेला पुतण्या, दोधू, मान वर करून बघायला लागला.

"हाई काय करी ऱ्हायनात, नाना?"

"सवय शे," धुडकू म्हणाला, आणि तिसरी चीर पाडली.

सवय होतीच. चाळीस वर्षं त्यानं तापीकाठच्या गावांतून घरं उभी केली, तशी उतरवलीही होती. भाऊ वेगळे झाले, नदीनं काठ खाल्ला, की माणसं घर उतरवायची आणि सगळं लाकूड गाडीत घालून दुसऱ्या जागी नेऊन उभं करायची. त्यासाठी आधी प्रत्येक खांबावर खुणा करायच्या. उजवीकडच्या चिरा कितवी रांग ते सांगायच्या, डावीकडच्या रांगेतली जागा. खुणा नसल्या तर घर परत बसत नाही. प्रत्येक जोड आपापल्या जागेपुरता घासलेला असतो.

पण हे घर कुठंच जायचं नव्हतं. हे धुडकूचं स्वतःचं घर, नऊ सागाच्या खांबांचं, आणि त्यातले सगळे खांब त्यानं दोधूला देऊन टाकले होते. दोधू ते मधोमध कापून म्हशींचा गोठा बांधणार होता. कापायच्या लाकडाला खुणा कशाला, हे दोधूला कळेना. त्यानं पुन्हा विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात चालतो, चालू द्यावा, असं त्याला वाटलं असावं.

गिरधर, धुडकूचा एकुलता एक, नऊ वर्षांपूर्वी मुंबईहून बोटीनं आफ्रिकेत, मोंबासाला गेला. तिथं रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम करतो. पाच वर्षांपूर्वी येऊन बायकोला घेऊन गेला, आणि आता त्याला तिथं दोन पोरं होती. माघ महिन्यात त्याची चिठ्ठी आली. तुम्ही दोघं थकलात, इकडंच या, एकदा आलात की परत जाणं काही होणार नाही, म्हणून मागं काही ठेवू नका, असं त्यात लिहिलं होतं. शाळेच्या मास्तरांनी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा त्याच्या बायकोनं, धनुबाईनं, डोळ्याला पदर लावला. धुडकूनं ते बघितलं. हिला नातवंडांकडं जायचंय, हे त्याला तेवढ्यावरून कळलं. तो म्हणाला, जाऊ. ती उठून चुलीकडं गेली.

मग कामं सुरू झाली. पासपोर्टसाठी फोटो काढायला दोघं नंदुरबारला गेली. धनुबाई काही केल्या कपाळावरचा पदर मागं घेईना. फोटोवाला वैतागला, म्हणाला, आजी, साहेबाला तोंड बघायचंय, लुगडं नाही. शेवटी तिनं पदर मागं सारला आणि चेहरा असा केला की फोटो बघून धुडकूलाच ती ओळखू आली नाही. घरी आल्यावर ती एकेक वस्तू वाटायला लागली. जातं दिलं, पाटा दिला, लोणच्याच्या बरण्या दिल्या. इतक्या पटापटा देत होती, की हिला जायची केवढी घाई झालीय असं धुडकूला वाटायचं, आणि तो गुमान आपली हत्यारं पुसत बसायचा.

शेजारची तापीबाई जातं न्यायला आली तेव्हा म्हणाली होती, "तठे सिंह दारशी येतस म्हने, धनुबाई. त्यासले बी भाकर टाकजो."

धनुबाई हसली होती. पुरतं हसली नव्हती, पण धुडकू तेव्हा आत होता.

दुपारपर्यंत नऊही खांब अंगणात आडवे झाले. घरावरच्या धाब्याची माती दोन दिवस आधीच उतरवली होती. घराच्या जागी आता नुसतं जोतं होतं आणि त्यावर चुलीचा काळा डाग. मदतीला आलेली माणसं जेवायला गेली. दोधू करवत आणायला गेला. धनुबाई तापीबाईकडून ताकाचा तांब्या घेऊन आली, तांब्या धुडकूच्या हातात दिला आणि खांबांच्या मधून चालायला लागली. एका खांबाशी खाली बसली. माथ्यावरच्या चिरांवरून तिनं बोट फिरवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण या खुणा वाचता येत होत्या. चाळीस वर्षं मिस्तरीच्या घरात काढली होती.

"हाऊ खांब चुल्हाकडला शे," ती म्हणाली. "तुम्ही त्याले देव्हाराकडली खूण करी."

धुडकू उठून आला. खांब पायानं जरा फिरवला. एक बाजू धुरानं काळी पडलेली. खांब चुलीकडचाच होता. एवढ्या वर्षांत त्याची खूण कधी चुकली नव्हती.

त्यानं धनुबाईकडं बघितलं. ती पदराच्या टोकानं खांबावरची माती पुसत होती, पोराचं नाक पुसावं तशी. त्यानं तांब्या खाली ठेवला, पटाशी घेतली आणि डावीकडं एक चीर वाढवली. तिनं बोट लावून बघितलं आणि मान हलवली. मग देव्हाऱ्याकडचा कुठला, ते दोघांनी मिळून शोधलं.

दोधू करवत घेऊन आला, बरोबर दुसऱ्या टोकाला धरायला एक गडी. त्यानं पहिला खांब ओंडक्यावर चढवला, सुतळीनं माप घेतलं, कोळशाची रेघ मारली.

"नाना, आठून कापू ना?" त्यानं रेघेवर बोट ठेवून विचारलं.

धुडकू रेघेकडं बघत राहिला.

"लाकूड वल्लं शे," धनुबाई म्हणाली.

दोधूला हसू आलं. "चाळीस वरीसना साग, काकू. वल्ला कसा ऱ्हाई?"

"धाबं गळे. खांबसमा पानी मुरेल शे. वाळू दे."

दोधूचं हसू गेलं. गडीही खांबावरून मागं सरला. धुडकू मिस्तरीनं घातलेलं धाबं गळतं, असं आजवर तोंडातून काढायची कुणाची छाती झाली नव्हती. एका सावकारानं एकदा काढलं होतं, तर धुडकूनं भर पावसात त्याच्या घरी जाऊन घागरीनं धाब्यावर पाणी ओतून दाखवलं होतं. आता मिस्तरी काय करतो म्हणून दोधू बाजूला झाला.

धुडकूनं बोटाच्या पेरानं खांबावर टकटक केलं. लाकूड खणखणीत वाजलं. तो आणखी वाकला, कान लावला, दुसऱ्या बाजूनं वाजवलं.

"वल्लं शे," तो म्हणाला.

"आन मन्ह्या म्हशी?"

"म्हशीसले साग कसाले जोयजे?" धनुबाई म्हणाली. "बाभूळ लाव."

"कितला दिन वाळाडशात?"

धुडकू खांबांखाली घालायला दगड शोधायला लागला होता.

बोटीला अजून अठरा दिवस होते. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की धुडकू मिस्तरीचं स्वतःचं धाबं गळत होतं. दुसऱ्या दिवशी तो दाढीला बसला असताना न्हाव्यानं त्याला हळूच विचारलं, खरं का, मिस्तरी. धुडकूनं गालावरचा साबण हलू न देता सांगितलं, हो, चांगलंच गळायचं.