जाळ्याच्या खिशांचा दोरा

ज्योत्सनाला काय मिळणार होतं, ते आधी मांडते. नागपूरच्या एका ताईंच्या कार्यशाळेत वर्षभर शिकायची जागा, राहणं-जेवण त्यातच. त्यासाठी करायचं एवढंच, की महिनाभर रोज हातानं एक नवी वस्तू बनवायची आणि अंधार पडायच्या आत तिचा व्हिडिओ पाठवायचा. एक दिवस चुकला की नाव कटलं. आणि जागा नाहीच मिळाली, तर मंगलामावशीनं गोसीखुर्दकडचा एक मुलगा पाहून ठेवलेला होताच. पोरगी दोऱ्याला इतकी का चिकटली, हे आता वेगळं सांगायला नको.

मित्रांनो, मी जाळं विणायची जुनी सुई आहे. तुमच्या घरातल्या शिवणाच्या सुईशी माझं नातं लावू नका. मी बांबूची, वीतभर लांब, पुढे टोकदार आणि मधे पोकळ. दोरा माझ्या पोटात गुंडाळायचा आणि मला गाठीगाठीतून ओवत न्यायचं. करडीजवळच्या एका गावात आसारामनं मला तासलं, विस्तवावर शेकलं, तेल पाजलं. तेव्हा त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याची बायको सखाबाई म्हणते, बुढ्यानं तिच्यापेक्षा जास्त वेळा मलाच हातात धरलं. ती हे तक्रार म्हणून सांगते, मी कौतुक म्हणून ऐकते.

पुढे बाजारात मशीनची जाळी आली आणि मला छपराच्या कवेलूखाली खोचून ठेवण्यात आलं. आम्ही दोघांनी विणलेलं एक फेकायचं जाळं मात्र आसारामनं सोडलं नाही. ते ठिगळायला वर्षातून एकदा तो मला खाली काढी. बाकीचे दिवस माझ्यावर कोळी जाळं विणत, तेही मला न विचारता.

मला पुन्हा कामाला लावलं ते आसारामच्या या नातीनं, ज्योत्सनानं. बारावी झाली होती आणि हातात मोबाइल होता. पहिल्या दिवशी तिनं पिशवी विणली, तीत कांदे भरले आणि व्हिडिओ सुरू करून पिशवी उचलली. कांदे तळातून खाली आले. नायलॉनला एकेरी गाठ धरत नाही, हे तिला कुठं ठाऊक? एका बाईनं खाली लिहिलं, “पिशवी छान आहे. तळ कधी करणार?”

“काहून रडतेस?” सखाबाई म्हणाली. “कांदे तर वाचले ना.”

आसारामनं दुहेरी गाठ दाखवली. तिनं सगळं उसवून संध्याकाळच्या आत पिशवी पुन्हा विणली. मग हे रोजचंच झालं. दोऱ्यानं बोटं कापली, तिनं चिंध्या गुंडाळल्या. विणलेल्या घोड्याची शेपूट उंदरानं नेली, तिनं घोड्याचं गाढव करून पाठवलं. घरात नेटवर्क नाही, म्हणून ती रोज गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावत जाऊन व्हिडिओ पाठवी. पोरगी चिवट होती, हे मी तिच्या खात्यात मोकळ्या मनानं लिहिते. पुढचंही तिच्याच खात्यात लिहावं लागतं, त्याला माझा इलाज नाही.

महिना सरत आला आणि दोरा संपला. मोहाडीचा बाजार होऊन गेला होता, पुढचा लांब होता. तिच्या मनात छोटंसं शिंकं करायचं होतं आणि ऊन उतरत चाललं होतं. समोर खुंटीला आसारामचं जाळं टांगलेलं होतं. जाळ्याच्या घेराला आतून आखूड आखूड दोऱ्या बांधलेल्या असतात. त्या कड वर ओढून धरतात, म्हणून घेराला गोल खिसे पडतात. जाळं ओढलं की मासा खाली पळतो आणि खिशात अडकतो. पण बाईमाणूस आमच्याकडे जाळं फेकत नाही. गाठी मारण्यात तरबेज झालेल्या ज्योत्सनाला वाटलं, या दोऱ्या जाळं गुंडाळायच्या असतील. तिनं त्या एकेक करून कापल्या, जोडल्या आणि माझ्या पोटात भरल्या.

दोरा मी ओळखला. पण सुईला तोंड नसतं, नुसतं टोक असतं. गाठीतून मी रोजच्यासारखीच सरसर गेले. त्या शिंक्याचं सगळ्यांत जास्त कौतुक झालं. ताईंनी स्वतः लिहिलं, ‘जुन्या दोऱ्याचा रंग सुंदर.’ उरलेल्या दोऱ्यावर तिचे पुढचे दिवस निघाले.

चार दिवसांनी तलाव खुला झाला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मच्छीमारांची सोसायटी मासेमारीचा दिवस ठरवते. त्या दिवशी सगळ्यांत जुन्या माणसानं पहिली फेक टाकल्याशिवाय दुसरं जाळं ओलं होत नाही. गेली कितीतरी वर्षं तो मान आसारामचा होता. मला डोक्याच्या दुपट्ट्यात खोचून तो पाण्यात उतरला. पाळीवर सारं गाव होतं, आणि मोबाइल धरून ज्योत्सनाही.

जाळं हवेत पुरं गोल उघडलं. आसारामनं ते हळूहळू ओढलं. बाहेर आला तो शेवाळाचा गोळा.

“काकाजी,” त्याच्यानंतरच्या पिढीतला धनराज म्हणाला, “मासे तुमची ओळख इसरले वाट्टे यंदा.”

हशा झाला. आसारामची बोटं घेरावरून फिरली आणि एका जागी थांबली. मग त्यानं जाळं कड आत घेऊन गुंडाळलं, कोणाला दिसू नये असं.

“हात गेला बापा माझा,” तो म्हणाला. “पुढच्या सालापासून पहिली फेक तू टाकत जा.”

घरी जाळं वाळत घालताना सखाबाईला कड दिसली. “उंदीर इतकं सरळ कापते का गं?”

“आजी, मी कापल्या,” ज्योत्सना म्हणाली. “मले वाटलं, गुंडाळायच्या दोऱ्या आहेत.”

“वाटलं? आजा दारातच बसून होता, तोंड नव्हतं का तुले इचारायले?”

“कायले बोलतेस तिले?” आसाराम म्हणाला.

“आबाजी, मी धनराजकाकाले आत्ता सांगून येते.”

“नको. बुढ्याचा हात गेला, हे चार दिवस म्हणतील. पोरीनं घरचं जाळं कापलं, हे तुह्या होणाऱ्या सासरपर्यंत जाईल.”

ती उंबऱ्यात उभी राहिली. गेली नाही. नाही म्हणणारा म्हातारा होता, हे खरं. ते ऐकून तिला किंचित हलकंही वाटलं, हेही खरं. तिच्या बोटांत मी होते, म्हणून सांगते.

त्या दिवसाची वस्तू राहिली होती. राहू दे, कटू दे नाव, असं तिच्या मनात असावं. आसारामनंच पुढ्यात मोबाइल ठेवला. “आजचं बाकी आहे ना? ऊठ.” ती उठली. चेहरा पुसून तिनं एक मासा विणला आणि पाळीवर जाऊन पाठवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पिशवीचा दोरा उसवून तिनं जाळ्याचे सगळे खिसे पुन्हा बांधले. दुहेरी गाठी, सारखं माप, कुठं ढिलं नाही. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं नेटकं काम माझ्याकडून कोणी करून घेतलं नव्हतं.

जागा मिळाली. जायच्या दिवशी मी तिच्या पिशवीत होते. गावाच्या थांब्यावर आसाराम सामान धरून उभा होता. धनराज तिथेच बसला होता.

“पोरगी तर निघाली नागपूरले. काकाजी, आता तुम्ही बी काही दुसरं शिका, जाळं काही जमत नाही.”

“काका,” ज्योत्सना म्हणाली, “आबाजीचा हात नाही चुकला. जाळ्याचे खिसे मी कापले होते.”

धनराजनं तिच्याकडे पाहिलं आणि मायेनं हसला. “गुणाची आहेस. आज्याची लाज झाकून राहिली.”

“खरंच सांगते. घरी जाऊन पाहा ना.”

“कालच पाहिलं. एक नंबर खिसे आहेत.”

तिनं आसारामकडे पाहिलं. त्यानं बस येते का म्हणून रस्त्याकडे पाहिलं.

मित्रांनो, खुंटीला टांगलेली वस्तू रिकामी बसली आहे असं समजू नका. ज्याची आहे त्याला विचारल्याशिवाय तिचा दोरासुद्धा तोडू नका. आणि तोडलाच, तर दुरुस्त करायच्या आधी सांगा. नंतर तुमची सुबक गाठच तुम्हाला खोटं पाडते.

आता बेरीज. ज्योत्सनाला नागपूर मिळालं. धनराजला पहिली फेक मिळाली. मलाही म्हातारपणी शहर पाहायला मिळालं. तलावातल्या माशांना दोन श्वास जास्त मिळाले. या सगळ्याचं मोल एकट्या आसारामनं भरलं, आणि वर बसमध्ये तिचं सामानही त्यानंच चढवलं.