द्वारकाबाईंची खूण

"छापील पुस्तकाचं युग संपलेलं आहे," असं राधेश्यामशेठनी हसनाबादच्या आमच्या वाचनालयात जाहीर केलं. ऐकायला महेमूदभाई, मी आणि टेबलफॅन असे तिघे होतो. फॅननं इकडून तिकडे नकारार्थी मान हलवली.

शेठ वाचनालयाचे अध्यक्ष. दहा हजार पुस्तकं भरलेला टॅब त्यांनी आणला होता. तो चालला, की कपाटांतली पुस्तकं रद्दीत. महेमूदभाई तीस वर्षं इथले ग्रंथपाल; कपाटांतली सातशे पुस्तकं त्यांनी स्वतः सुईदोऱ्यानं शिवलेली. ते एवढंच म्हणाले, "द्वारकाबाईंना आठ दिवस देऊन बघा, शेठ. त्यांना पटलं, तर रद्दीवाल्याला मीच बोलावतो."

द्वारकाबाई आमच्या एकमेव नियमित वाचक. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून त्या प्रत्येकात एकतिसाव्या पानावर काजळाचा ठिपका ठेवतात. नेण्याआधी तेवढं पान बघतात.

नवव्या दिवशी बाईंनी टॅब टेबलावर ठेवला.

"झाली वाचून."

"कोणती?" शेठ.

"समदी."

"दहा हजार?"

"मंग! पहिलं वाचलं, ठिपका लावला. दुसरं उघडलं, तर ठिपका हाय. तिसऱ्यात बी हाय. चाळीस उघडून बघितली. कधी वाचली आठवत न्हाई, पण ठिपका माझाच. आता नवी आणा."

शेठ हसले. अंगठ्यानं काच पुसली. "हे घ्या. बिलकुल कोरी."

बाईंचा चेहरा उतरला. "मंग मी वाचलेलं कुठं गेलं?"

शेठनी टॅब उलटा करून पाहिला.

महेमूदभाईंनी कपाटातून एक कादंबरी काढली, एकतिसावं पान उघडलं. "ही तुम्ही नातवाच्या बारशाला नेल्ती. शेवट आवडला न्हाई म्हणून माझ्यावर चिडल्त्या."

"चिडणारच! मारायचं होतं एकाला, मारलं दुसऱ्याला."

शेठही हार मानणारे नव्हेत. कपाशीवरच्या अळीचं औषध त्यांनी टॅबवर दोन मिनिटांत शोधून दाखवलं. कोशात शोधायचं तर तेवढ्या वेळात माझा चष्माही सापडत नाही, हे मी मान्य केलं. महेमूदभाईंनीही केलं. शेवटी ठरलं : माहिती टॅबवर, कथा-कादंबऱ्या कपाटात. रद्दी रद्द. महेमूदभाईंनी तोंड फिरवून नाक शिंकरलं.

चिटणीस म्हणून मी ठराव लिहायला घेतला. मानवी स्मृती आणि ग्रंथ यांवर दोन वाक्यं जमलीही होती.

"महेमूदभाई," शेठ मधेच म्हणाले, "कपाट राहू द्या. फक्त चार बोटं सरकवा. चार्जिंगचा प्लग त्याच्या मागं हाय, अन् टॅब बंद पडून राह्यला."