शनिवारचं गाठोडं

बिरप्पाला रंगातलं काही कळत नाही, हे मायाक्कानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. हिरव्या बांगड्या आणायला धाडलं तर हा मोरपंखी घेऊन आला आणि वर "ह्यो रंग बरा वाटला" म्हणाला. त्यानंतर रंगाची कुठलीच खरेदी तिनं त्याच्यावर सोपवली नाही. म्हणून त्या शनिवारी त्यानं सायकलवरून उतरवलेलं गाठोडं सोडलं, तेव्हा ती चमकली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवणारा एक कारखाना होता. तिथं बिरप्पा पॅकिंगला होता. कटिंगच्या टेबलाखाली पडलेले तुकडे मालक कामगारांना नेऊ द्यायचा. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी. बिरप्पा हाताला येईल ते पोत्यात कोंबून आणायचा आणि मायाक्का त्याच्या गोधड्या शिवायची. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर हे तुकडे. नेव्ही, मरून, खाकी, बाटलीहिरवा. सगळा प्लेन माल, ना फूल ना पान. तिला ते उदास वाटायचं, म्हणून मधे मधे ती छापील साडीचे चौकोन जोडायची.

आज मात्र तुकडे कोंबलेले नव्हते. त्यांच्या जोड्या बांधल्या होत्या. मोहरीच्या रंगाला राखाडी, बाटलीहिरव्याला फिकट गुलाबी, मरूनला आकाशी. प्रत्येक जोडीला कापडाच्या काठाची पट्टी आणि वर नीटस गाठ.

"ह्ये कुणी बांधलं?" तिनं विचारलं.

"गुरु देतोय की भरून. कटिंगमधला." बिरप्पा हातपाय धुवायला मोरीकडे गेला. तोंड धुताना त्यानं पुन्हा सांगितलं, "गुरुच हाय त्यो."

एकदा सांगितलेलं माणूस दुसऱ्यांदा कशाला सांगतो? मायाक्कानं गाठ बोटांनी चाचपली. पुरुषाची गाठ अशी नसते.

तरी तिनं त्या जोड्यांची गोधडी शिवली. वैष्णवी नावाची एक मुलगी तिच्या गोधड्यांचे फोटो काढून पुण्यातल्या गिऱ्हाइकांना पाठवायची. तिनं गोधडी अंगणात पसरली आणि बघतच राहिली.

"मावशी, ही वेगळीच झालीय. प्लेन रंगच ठेवलेत, छापील नाही घातलं, त्यामुळं डोळ्याला किती शांत वाटतंय! तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं असंच," मायाक्का म्हणाली. पण कौतुक घशाखाली उतरेना.

शेजारची बसम्मा दारातून ऐकत होती. वैष्णवी जाताच ती आत आली, गोधडीचं टोक उचलून उजेडात धरलं.

"यव्वा! मोहरीशेजारी राखाडी! हे आपल्यातलं न्हाय गं. ही कुणीतरी शिकलेली बाई हाय. तुज्या नवऱ्याला कोण रंग काढून द्यायलंय?"

"काय बी बोलू नगंस."

"मी कशाला बोलू? गोधडीच बोलायली की."

त्या दिवसापासून मायाक्काचे कान उभे राहिले. शनिवारी दुपारी येणारा बिरप्पा आता दिवस कलल्यावर यायला लागला. विचारलं तर ओव्हरटाईम. शर्टाला कसले कसले दोरे चिकटलेले, गुडघ्यांना धूळ. एकदा जेवताना तो भिंतीला टेकवलेल्या अर्ध्या गोधडीकडे बघत होता. घास हातातच राहिला.

"त्या निळ्याला काळं लावू नगं. दोनी मरत्यात. मधी राखाडी घाल."

मायाक्कानं भाकरी थापायची थांबवली. "कोन म्हनलं असं?"

"कोन म्हनंल? दिसतंय की."

दिसतंय! ज्याला सतरा वर्षांत घराच्या दाराचा रंग विचारला असता तर सांगता आला नसता, त्याला आता दिसायला लागलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली. पण त्या निळ्याशेजारी तिनं मुद्दाम काळंच लावलं. सकाळी बघितलं, तर दोन्ही खरंच मेले होते. तिनं ते उसवलं, आणि उसवताना त्या न पाहिलेल्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मंगळवारच्या बाजारात तिला गुरु भेटला.

"भाऊ, तुकडे लई चांगले काडून देताव," ती सहज बोलल्यासारखं म्हणाली.

गुरु गोंधळला. "मी? वैनी, माज्या आईचं ऑपरेशन झालं न्हवं का, म्हैना झाला मी गावाकडंच हुतो. कालच कामावर आलोय."

मायाक्काच्या हातातली पिशवी जड झाली. मेथीची जुडी परत टाकून ती तशीच घरी आली. बिरप्पाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं असतं.

शनिवारी दुपारी तिनं घराला कुलूप लावलं आणि एमआयडीसीचा रस्ता धरला. गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, घरची किल्ली नवऱ्याकडं, बिरप्पाकडं राहिलीय. किल्ली तिच्या मुठीतच होती. वॉचमननं मागच्या शेडकडे बोट दाखवलं. "एकलाच हाय तिकडं. सगळे गेले."

एकटा. बघू किती एकटा ते. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून तिनं चपला हातात घेतल्या.

शेडचं शटर अर्धं उघडं होतं. ती वाकून आत बघू लागली. मशिनी बंद होत्या. बायका नव्हत्या, कुणीच नव्हतं. बिरप्पा अनवाणी, फरशीवर गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्यापुढं तुकडे पसरले होते. त्यानं एक मरून उचलला, खाकीशेजारी ठेवला. उठून चार पावलं मागं गेला, मान तिरकी केली, डोळे बारीक केले. काही पटलं नसावं. परत येऊन खाकी काढला, आकाशी ठेवला, पुन्हा मागं गेला. मग स्वतःशीच हसला आणि काठाची पट्टी घेऊन त्या दोघांना गाठ मारली. दातात टोक धरून, हलक्या हातानं.

मायाक्काला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच राग आला. इतके दिवस जिला शिव्या दिल्या ती बाई नव्हतीच. मग त्या शिव्या आता ठेवायच्या कुठं?

"काय करायलाव हितं?" ती शटरखालून आत शिरली.

बिरप्पा चोरी करताना पकडल्यासारखा उठला. तुकडे पायानं गोळा करायला लागला.

"र्‍हाऊ द्या त्ये. गुरुचं नाव कशाला सांगितलंव?"

"मग काय सांगू? मी निवडतोय म्हनून? मागं तुज्या गोधडीतल्या तांबड्याचं बोललो, तर बसम्मापुढं काय म्हनलीस? बांगड्या भरा म्हनलीस."

ती म्हणाली होती. गंमत म्हणून म्हणाली होती, आणि बसम्मा तर पोट धरून हसली होती.

बिरप्पा टेबलाला टेकला. "मी ल्हानपनी मेंढरामागं. काळं, पांढरं, तपकिरी, वर कोरडं माळरान. अंगावर घोंगडं, तेबी काळं. हितं कामाला लागलो न् पयल्यांदा ह्या टेबलावर एवढे रंग एका जागी बघितले. कुणाला सांगायचं? पोरं हसत्यात."

मायाक्का खाली बसली. मरून आणि आकाशीची जोडी उचलून मांडीवर घेतली. वैष्णवीनं केलेलं कौतुक तिला आठवलं आणि ते आपलं नव्हतं हे आता पुरतं कळलं. बोचलं. पण रंग सुंदर होते, ते काही नाकारता येईना.

पुढच्या शनिवारी बिरप्पानं आणलेलं पोतं पूर्वीसारखंच कोंबलेलं निघालं.

"असं का?"

"तू बघून गेलीस. आता हात चालंना."

"मग हितं घरी बसा. मी हसनार न्हाय."

तिनं अंगणात चटई टाकली आणि पोतं उपडं केलं. त्यानं आधी कुंपणाकडं बघितलं. मग हळूच एक मोहरीचा तुकडा उचलला. तिनं त्याच्याशेजारी छापील साडीचा चौकोन ठेवला. त्यानं तो काढला, तिनं पुन्हा ठेवला.

"ती फुलं नगंत गं. लई बोलत्यात."

"एक तरी र्‍हाऊ द्या. माज्या आईची साडी हाय ती."

एक राहिला. मधोमध, चारी बाजूंनी राखाडी लावून. मायाक्कानं मान तिरकी करून बघितलं आणि सुईत दोरा ओवला.

तेवढ्यात बसम्मा कुंपणापाशी आली. खालच्या आवाजात तिनं विचारलं, "सापडली का गं ती रंग देनारी?"

"सापडली."

"कोन?"

"ह्ये काय बसलेत समोर."

बसम्मानं बिरप्पाकडं नीट बघितलं. गुडघ्यावर मोहरीचा तुकडा, दातात कापडाची पट्टी. मग तिनं मायाक्काकडं बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"सांगायचं न्हाय तर नगं सांगूस," ती म्हणाली. "पर मला येडी समजू नगंस."

संध्याकाळी नळावर बसम्माभोवती कुजबुजणाऱ्या बायका मायाक्काला बघून गप्प झाल्या. कुणीतरी कळवळून तिच्या पाठीवर हात ठेवला. मायाक्कानं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरी आली. गोधडीला काठ मरून लावायचा की बाटलीहिरवा, ते अजून ठरायचं होतं.