मागच्या सीटखाली

रविवारी सकाळी नऊ वाजता, गुरुग्रामला मावशीकडे जेवायला निघायच्या वेळी, सोनटक्क्यांची गाडी घर्रर्र, घर्रर्र करत राहिली, पण पेटायचं काही नाव घेईना. अकरा वर्षांची ही पांढरी गाडी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्ससमोर कडुनिंबाखाली उभी असायची. वाळका पाला, कबुतरांची शिट आणि मार्चची धूळ यांची तिच्यावर नुसती साय धरलेली. गुणवंत सोनटक्के केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि ऑफिसला मेट्रोनं जायचे. गाडीशी त्यांचा संबंध एवढाच, की रोज सकाळी सातला खाली उतरून दहा-पंधरा मिनिटं तिच्यात बसून यायचे. "बॅटरी उतरते, रोज चालू करावी लागते," असं घरी सांगायचे.

"काल तर झाली होती चालू!" ते आता म्हणाले आणि पुन्हा चावी फिरवली. घर्रर्र.

"बाबा, थांबा ना यार! अशानं खरंच बॅटरी संपेल." अबोलीनं खिडकीतून डोकं आत घातलं आणि तसंच बाहेर काढलं. "शी! कसला वास मारतोय आत?"

"बंद गाडीला येतोच वास."

नाव अबोली असलं तरी पोरीचं तोंड कधी मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गेली दोन वर्षं ती शाळेत ऑटोमोटिव्ह हा विषय शिकत होती. तेवीस मुलगे आणि ही एकटी. पहिल्या वर्षी मागच्या बाकावर अंग चोरून बसायची, पण या वर्षी प्रॅक्टिकलला पहिला पाना हिच्याच हातात असायचा. अकरावीलाही तिला हाच विषय हवा होता. फॉर्म भरून चार दिवस फ्रिजवर पडला होता. सोमवारी शेवटची तारीख, आणि बाबा सही करत नव्हते. सोनटक्क्यांची मुलगी गॅरेजमध्ये ग्रीस पुसत बसणार का, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटर सायन्स घे आणि गप एसीत बस.

शेजारच्या क्वार्टरमधले हरीश अंकल आपल्या पायरीवर पान मसाला चघळत हा तमाशा बघत होते. रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरं कामच नव्हतं. घसा खाकरून ते तुळशीशेजारच्या कुंडीत थुंकले. अबोलीनं नाक मुरडलं. रोजच मुरडायची.

"सोनटक्के जी, करोल बाग में मेकॅनिक के पास भिजवा दो," अंकल म्हणाले. "ये फ्युएल पंप का लफड़ा है."

"अंकल, आपने सुना क्या पंप को?"

"पंप को क्या सुनना, बेटा? तू जा, मम्मी के साथ रोटी बना."

अबोलीच्या कानशिलावरची शीर ताडकन उडाली. "बाबा, मला बघू द्या."

बाबा हसले. तेच ते नाकातल्या नाकात हसणं, हाताखालच्या कारकुनाची नोट परत पाठवताना हसत असतील तसं. "बघ. खुशाल बघ. गाडी चालू केलीस तर आत्ता, इथं, या बॉनेटवर फॉर्म ठेवून सही करतो. नाही झाली तर कॉम्प्युटर सायन्स. मान्य?"

"मान्य. अंकल, सुना ना आपने?"

"सुना, सुना," अंकल म्हणाले आणि पुन्हा थुंकले.

सुरेखा मॅडम वर्गात सांगायच्या, आधी कान, मग डोळे, हात सगळ्यात शेवटी. अबोलीनं चावी अर्धीच फिरवली. या गाडीत अशी चावी फिरवली की मागून दोन सेकंद मधमाशी गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. तो पंपाचा. आज मागं स्मशानशांतता. म्हणजे स्टार्टर फिरतोय, बॅटरी ठणठणीत आहे, पण इंजिनापर्यंत पेट्रोल ढकलणारा पंप जागाच होत नाहीये. अंकलचा अंदाज बरोबर निघाला, याचा तिला जास्तच राग आला.

तिनं बॉनेट उघडलं. फ्यूजच्या डबीतून पंपाचा फ्यूज काढून उजेडात धरला. तार शाबूत होती. मग शेजारचा रिले, म्हणजे पंपाला वीज सोडणारा छोटा स्विच. हॉर्नचा रिले अगदी तसाच असतो, म्हणून तिनं दोघांची अदलाबदल केली, चावी अर्धी फिरवून पाहिली आणि हॉर्न दाबला. पँ! अंकल पायरीवर दचकले.

"हॉर्न ठीक करने को किसने बोला था?"

"अंकल, पंपाचा रिले लावून हॉर्न वाजला, याचा अर्थ रिले चांगला आहे. हॉर्नचा लावूनही पंप गप्पच. म्हणजे गडबड पुढं आहे, तारेत किंवा पंपात." हे सगळं ती ठसक्यात मराठीत बोलून गेली आणि मग अंकलसाठी तेच हिंदीत बोलली. बोलताना मजा येत होती, दोनदा बोलताना दुप्पट. "आता मागची सीट उचलायची. पंपाचं झाकण तिच्याखाली असतं."

बाबांचं हसू गेलं.

"सीट काढायची नाही."

"का?"

"कव्हर फाटेल. नवीन आहे."

"बाबा, ते कव्हर मी पाचवीत असताना बसवलंय."

"तुझ्या मॅडमनी मोठ्यांना उलट बोलायलाही शिकवलंय का? सीट नको म्हटलं ना! मी मेकॅनिकला फोन करतो, टो करून नेईल. सुनेत्रा मावशीला सांग, गुरुग्रामला जेवायला आम्ही कॅबनं येतो."

"आणि फॉर्म?"

"ठरलं होतं तसं. गाडी चालू झाली नाही."

"अहो, बघूच देत नाही तुम्ही!"

अबोलीनं चारही दारं उघडली. पेट्रोल सांडलेलं असेल तर काही करायचं नाही, हे मॅडमनी घोकून घेतलं होतं, म्हणून आधी नाकानं खात्री केली. पेट्रोलचा वास नव्हता. आंबूस, उग्र, डोळ्यांत चुरचुरणारा मुताचा वास होता, आणि त्यात काहीतरी गोडसर मिसळलेलं. ओढणी नाकाला घट्ट बांधून तिनं सीटच्या पुढच्या कडेखाली दोन्ही हात घातले.

"अबोली!" बाबा ओरडले.

खट्. सीट वर आली.

"ईईईई!"

सीटच्या फोमचे पिवळे तुकडे, टिश्यू आणि चुरगाळलेली वेष्टनं यांचं घरटं झालेलं. त्यावर एक उंदीर मरून, वाळून, चपटा झालेला, शेपटी तेवढी ताठ. सगळीकडे काळ्या लेंड्या, जिऱ्याचा डबा सांडावा तशा. आणि या सगळ्याच्या मधोमध नीट मांडून ठेवलेली चिक्कीची दोन पाकिटं, एक बाकरवडीचं, आणि रबर बँड लावलेली चिवड्याची मोठी थैली.

अबोलीनं थैली दोन बोटांत धरून उचलली. खालचा कोपरा कुरतडलेला होता. त्यातून चिवडा भुरुभुरु गळला. वरचं तोंड मात्र कात्रीनं सरळ कापलेलं. आत दाणे, पोहे आणि मनुका. मनुका कोणत्या आणि लेंड्या कोणत्या, हे सांगता येत नव्हतं.

तिला सगळं एकदम कळलं. दीड वर्षापूर्वी बाबांना डायबिटीस निघाला, तेव्हापासून आईनं घरातून साखर आणि तळलेलं हद्दपार केलं होतं. बाबाही मुकाट्यानं दुधीचा रस प्यायचे. साखर काही उतरत नव्हती, आणि आई गोळ्यांना, डॉक्टरला आणि रात्ररात्र जागून स्वतःला दोष देत होती.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही गाडी चालू करतच नव्हता."

बाबा थैलीकडे बघत होते. त्या गळणाऱ्या कोपऱ्याकडे.

"यातलं शेवटचं कधी खाल्लंत?"

"काल," ते पुटपुटले. "आज पण. दोन मुठी. काळोख असतो सीटखाली..."

वाक्य पुरं झालं नाही. ते कडुनिंबाकडे धावले, खोडाला हात टेकला आणि भडभडून ओकले. अंकलनी चघळणं थांबवलं. अबोलीनं मान फिरवली, पण आवाज कानात शिरायचा तो शिरलाच.

तोंड पुसत बाबा परत आले आणि तिच्या अगदी जवळ उभे राहिले. श्वासाला आंबट वास येत होता.

"आईला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "हे सगळं कचऱ्यात टाक. जा, फॉर्म घेऊन ये. करतो सही. गाडी चालू नाही झाली तरी करतो."

चार दिवस ती या वाक्यासाठी कुढत होती. आणि आता ते मिळालं, तर तिला वाटलं की या मेलेल्या उंदराला हात लावणं परवडलं. काल रात्री जेवताना हाच माणूस तिला शिस्त शिकवत होता.

"असली सही मला नको."

"अगं, पण..."

"बाबा, उंदरानं मुतलेलं खाल्लंय तुम्ही! उंदराच्या मुतानं माणूस आजारी पडतो, हॉस्पिटलात जातो. हे लपवायचं?" तिचा आवाज चढत चढत दुसऱ्या मजल्यावर पोचला. "आई! खाली ये! आत्ताच्या आत्ता ये!"

वीणाताई ओल्या हातांनीच धावत आल्या. त्यांनी सीटखाली पाहिलं, थैली पाहिली, झाडाच्या बुंध्याशी पाहिलं, आणि शेवटी नवऱ्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत.

"दुधीचा रस मीही प्यायले, अहो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. दीड वर्ष."

बाबा शर्टाच्या बाहीनं पुन्हा तोंड पुसू लागले.

"डॉक्टरकडे जायचं. आत्ता," आई म्हणाली.

"पाच मिनिटं दे, गाडीनं जाऊ," अबोली म्हणाली. हातांवर तिनं दोन-दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. उंदीर, घरटं, लेंड्या, सगळं कागदानं उचलून पोत्यात भरलं. दोनदा उबळ आली, दोनदा गिळली. खाली पंपाचं गोल झाकण दिसलं आणि त्याच्याकडे जाणाऱ्या दोन तारा, दातांनी कुरतडून मधोमध तुटलेल्या. तारेचं उघडं पडलेलं टोक हिरवं पडलं होतं. तिनं शाळेच्या टूलकिटमधला टेस्टचा बल्ब इंजिनाकडून येणाऱ्या दोन टोकांना लावला.

"आई, चावी अर्धी फिरव."

बल्ब दोन सेकंद पेटला आणि विझला. वीज इथवर येत होती. मग तिनं बॅटरीची एक तार सोडवली, कुरतडलेली टोकं छाटून चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोलली, रंगाला रंग जुळवून पिळली आणि त्यावर टेप गुंडाळली. कच्चं काम होतं, उद्या पक्कं करावं लागणार होतं. बॅटरीची तार परत जोडली.

"आता फिरव."

मागून बारीक गुणगुण आली. दोन सेकंदच. अबोलीनं श्वास रोखला होता, त्या वासामुळेही आणि तसाही. आईनं चावी पुरती फिरवली आणि गाडी पेटली.

"वाह, बेटा!" अंकल उठून उभे राहिले. "सोनटक्के जी, आपने बोला था. मैंने सुना है."

आई वर गेली आणि पेन, फॉर्म आणि गाडीत अंथरायला जुनी चादर घेऊन आली. बाबा बॉनेटकडे आले. त्यांनी फॉर्मसाठी हात पुढं केला. चिवड्याचा पिवळा तेलकट चुरा अजून नखांत होता.

"थांबा," अबोली म्हणाली. "आई, देऊ नको त्यांच्याकडे. बाबा, आधी साबणानं हात धुऊन या. कोपरापर्यंत. आणि चूळ भरा."

ते धुऊन आले. तिनं त्यांच्या बोटांचा वास घेतला.

"अजून एकदा," ती म्हणाली, आणि सेक्शन ऑफिसर गुणवंत सोनटक्के मुकाट्यानं परत नळाकडे गेले.