दुपारी एकच्या आत

आमच्या गामागोरी गावात नवी गाडी दिवस बघूनच घरी नेतात. कॅलेंडरवर तारखेखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, दिवस कसा ते. मी चार इयत्ता शिकले, पण तेवढं वाचता येतं. गाड्यांचं दुकान चालवायला आणखी काय लागतं?

पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी ती नवी गाडी निघाली, तेव्हा कंपनीचा अंदाजच चुकला. महिन्याला हजार बनवायच्या होत्या, मागणी आली तिप्पट. शहरातल्या दुकानांना चार-चार मिळाल्या, आमच्या वाट्याला मार्चअखेरपर्यंत एकच. ती मी इनुकाई सुईणबाईंना कबूल केली होती. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची. चार महिने थांबल्या बिचाऱ्या, एका शब्दाची कुरकुर नाही.

तीस मार्च उत्तम दिवस होता. ट्रक त्या दिवशी आलाच नाही. आणि कंपनीचा नियम असा, की एकतीसपर्यंत गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेली नाही तर ती दुसऱ्या दुकानाला.

एकतीसला सकाळी माझा मुलगा कोसाकू म्हणाला, “आई, आज वाईट दिवस. सुईणबाई घेणार नाहीत. ते दुसरे गिऱ्हाईक, नारुसेसाहेब, कधीही न्यायला तयार आहेत.”

“नारुसेचं गोल्फचं मैदान आहे ना? तिथंच फिरावं त्यानं. आणि तू कॅलेंडर अर्धंच वाचतोस. आजच्या दिवसात अकरा ते एक चांगलं असतं.”

सुईणबाई गाडीच्या पूजेसाठी मीठ आणि साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन साडेदहालाच हजर. बारा वाजून गेले, ट्रक नाही. सव्वाबाराला फोन आला: रस्ता खोदलाय, संत्र्यांच्या बागांपाशी अडकलोय, दीड वाजेल.

“चला,” मी म्हटलं. “ती येत नाही तर आपण जाऊ.”

आम्ही तिघं पोचलो तेव्हा बारा चाळीस.

ट्रकवाला म्हणाला, “आजी, वाटेत गाडी उतरवायची परवानगी नाही हो.”

“आजी म्हणतोस ना? मग आजीचं ऐक. उतरव.”

उतरवली. चाकांवर मीठ पडलं, साके शिंपडली, गाडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर सुईणबाईंचा शिक्का उमटला. त्यांनी आत बसून किल्ली फिरवली. आवाज नाही. बंद करून पुन्हा फिरवली. चिडीचूप. असं चारदा.

“तोमेबाई, ही मेलेलीच आहे,” त्या खाली मान घालून म्हणाल्या. “वेळ माझी नव्हे. द्या नारुसेंना.”

घड्याळात एकला सहा मिनिटं बाकी. पण मी काही गप्प बसणारी नाही.

“सुईणबाई, हा कोसाकू जन्मला तेव्हा रडला होता?”

“नाही. निळा पडला होता. पाठीत चापट मारली तेव्हा कुठे तोंड उघडलं.”

“मग न रडलेलं पोर तुम्ही आजच कसं टाकायला निघालात?”

कोसाकू लाजेनं लाल झाला, पण धावला. “बाई, ती चालूच आहे! विजेवर असली की आवाज करत नाही. तुम्ही दर वेळी बंद करताय. आता किल्लीला हात लावू नका, नुसता ॲक्सिलरेटरवर पाय टेकवा.”

सुईणबाईंनी आधी समोरच्या फळीवर हलकीच चापट मारली, मग पाय टेकवला. गाडी सरकली, बागेतल्या कावळ्यालाही कळलं नाही. वळणावर त्यांनी भोंगा वाजवला तेव्हा एकला तीन मिनिटं होती.

“नारुसेसाहेबांना काय सांगू?” कोसाकूनं विचारलं.

“पुढे कंपनी जास्त बनवणार आहे. यादीत अकरा नावं आहेत, त्यांचं बारावं लिही. आणि त्यांचा दिवस मी बघून देईन म्हणावं.”