खुराड्यात लपवलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातली डब्यांची फळी आली असेल. ती मी नव्हे. मी टाल्गारी गोल्फ क्लबाच्या सातव्या ग्रीनवरची, वाळू सपाट करणारी फळी. हातभर रुंद लोखंडी पट्टी आणि तिला माणसाच्या छातीला लागेल एवढा दांडा, एवढाच माझा पसारा. माझ्या आयुष्यात अभिमानानं सांगण्यासारखं थोडं आहे. बाकीचं सांगताना माझी मान खाली जाते, पण तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या भागात पाण्याची मारामार. हिरवळ राखणं कुणाला परवडत नाही. म्हणून चेंडू ज्यात घालवायचा त्या भोकाभोवती वाळूचा मोठा गोल करतात आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्या वाळूत गाडीचं जुनं तेल कालवतात. हा काळाकुट्ट, तेलकट गोल म्हणजे आमचं ग्रीन. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! चेंडू या गोलात आला, की खेळणाऱ्यानं मला चेंडूपासून भोकापर्यंत एकदाच ओढायचं, गुळगुळीत वाट करायची आणि मग चेंडू हलकेच ढकलायचा. सगळ्यांचं झालं, की शेवटच्या माणसानं सगळा गोल सारखा करून जायचा, मागून येणाऱ्यांसाठी. ‘पावलं ठेवून गेला’ याहून मोठी शिवी आमच्या क्लबात नाही. आणि दुसरा नियम असा, की फळी आपलं ग्रीन सोडून कुठेही न्यायची नाही.

हे नियम लावले एरल टन्स्टल यांनी, आणि मला घडवलंही त्यांनीच. गावात त्यांचं गॅरेज होतं. कापणीच्या मोडक्या यंत्राची पट्टी आणि पवनचक्कीचा जुना नळ जोडून त्यांनी मला तयार केलं. बाकीच्या ग्रीनांवरच्या फळ्या, माझ्या बहिणी, त्याही त्यांच्याच हातच्या. पण सातवं ग्रीन सगळ्यांत मोठं आणि उतरतं, म्हणून मला त्यांनी जास्त वजन दिलं. खेळायला येणारे पाहुणे म्हणायचे, “फळी आहे की इस्त्री!” तेव्हा मला आकाश ठेंगणं व्हायचं. वर्षानुवर्षं मी उन्हात पडून राहिले, गुलाबी काकाकुव्यांचा कलकलाट ऐकला, कांगारूंनी उमटवलेली पावलं पुसली. एरल बरीच वर्षं क्लबाचे कॅप्टन होते. कुणी मला वाळूतच टाकून गेलं, तर ते लांबून ओरडायचे, “ए, घरी तुझं अंथरूण आई आवरते का रे?”

त्यांची बायको नोलीन मात्र कधी क्लबाची मेंबर झाली नाही. स्पर्धेच्या दिवशी ती केक घेऊन यायची आणि गाडीत विणत बसायची. कुणी आग्रह केला, की म्हणायची, “पांढरा चेंडू मारायचा, हरवायचा, मग शोधत फिरायचं, आणि त्याला व्यायाम म्हणायचं! माझ्या कोंबड्या शहाण्या तुमच्यापेक्षा.” शनिवार एरलचा आणि खुराडं नोलीनचं, अशी त्या घराची वाटणी होती, आणि दोघं सुखी होती.

मग एरल विसरू लागले.

आधी किती फटके मारले ते विसरायचे, नंतर कुणाचा चेंडू कुठला ते. लोक हसून घ्यायचे. एका शनिवारी सातव्यावरचा खेळ झाल्यावर ते मला घेऊन वाळू सारखी करू लागले आणि करतच राहिले. गोल पूर्ण झाला, तरी पुन्हा पहिल्यापासून.

“एरल, बस कर! भोक पाडशील ग्रीनला!” एकजण ओरडला.

“भोक आहेच की,” एरल म्हणाले. सगळे हसत पुढे गेले.

एरलनी इकडेतिकडे पाहिलं. मग मला खांद्यावर घेतलं, गाडीत टाकलं आणि घरी नेलं. खरं सांगू का, मला आनंदच झाला होता. ज्यांनी घडवलं त्यांच्या घरी निघाले होते ना! घरी पोचल्यावर ते मागच्या अंगणातली खडी सारखी करू लागले, कपडे वाळत घालायच्या खांबाभोवती, अगदी निगुतीनं.

नोलीन बाहेर आली. तिच्या हातात ओले कपडे होते.

“हे काय आणलंस तू?”

“माझी आहे. मी केलीय.”

“अरे, क्लबाची आहे ती. तूच नियम केलास ना, हलवायची नाही म्हणून?”

एरलनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. “मग ठेवून येऊ का? रस्ता... कुठून जायचं गं?”

त्या रस्त्यानं ते अर्धं आयुष्य ये-जा करत होते. नोलीननं कपडे बादलीत टाकले आणि त्यांच्या हातातून मला काढून घेतलं. “राहू दे. मी बघते. तू चहा घे,” ती म्हणाली. आणि तिनं मला खुराड्यात नेऊन दाण्याच्या पिंपामागे उभं केलं, वर पोतं टाकलं. त्या क्षणी मला कळलं, की आपण आता पाहुणी नाही, चोरीचा माल आहोत.

तुम्ही म्हणाल, परत नेऊन ठेवायला काय हरकत होती? नव्हतीच काही. पण कुणी पाहिलं तर विचारणार, आणि विचारलं तर सांगावं लागणार. नोलीनला नवऱ्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटते याची आणखी लाज वाटत होती. ती रोज अंडी गोळा करायला यायची, पण पिंपाकडे बघायची नाही.

खुराड्याला लागूनच मागचा व्हरांडा. काही दिवसांनी बेव्हन तिथे येऊन बसला. तो आताचा कॅप्टन, एरलचा जुना दोस्त. एरल आत झोपले होते. बेव्हन माणूस भला, पण सरळ मुद्द्यावर येईल तर शपथ. आधी पाऊस नाही म्हणाला, मग मेंढ्यांचा भाव म्हणाला, मग हळूच म्हणाला, “नोलीन, तू क्लबात ये ना. मेंबर हो.”

“मी? माझं डोकं ठिकाणावर आहे अजून.”

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली असावी.

“त्याचंच सांगायला आलोय,” बेव्हन म्हणाला. “परवा तो आठव्यावरून सरळ हमरस्त्याला लागला. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला म्हणून बरं. तू मेंबर झालीस, तर तुमची जोडी लावून देतो. तू खेळ, नको खेळूस, बरोबर चाल नुसती. नाहीतर मला त्याला सांगावं लागेल, की गड्या, आता पुरे. आणि ते मला जमायचं नाही गं.”

“म्हणजे सगळ्या गावाला कळणार. ही खेळायला नाही आली, नवऱ्याला राखायला आलीय.”

“कळेल. पण त्याचा शनिवार राहील.”

“विचार करून सांगते.”

बेव्हन उठला आणि जाताजाता म्हणाला, “सातव्याची फळी गेली बघ. लोक म्हणतात, तो सामोआ बेटांवरचा सेफो, खाटीकखान्यात कामाला आहे ना, तो संध्याकाळी एकटाच सराव करतो, त्यानंच नेली असेल. मी नाही म्हणत हं, लोक म्हणतात. या शनिवारी त्याला मेंबर करून घेणार होतो. आता जरा थांबू म्हणतात.”

मी पोत्याखाली कान टवकारले. आता बोलेल, आता बोलेल. पण नोलीन मूग गिळून बसली. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ना, तो संन्यासी सेफो होता. आणि चोर म्हणावं असं या घरात कुणी नव्हतंच, हे किती सोपं होतं सांगायला! पण तेच तिच्यानं होईना. मला तोंड असतं, तर मी ओरडले असते. नुसतं पडून राहावं लागलं याची लाज मला आजही वाटते.

सेफो स्वतःच एका संध्याकाळी आला. तिशीतला थोराड माणूस, आवाज मात्र मऊ. एरलनी त्याला वाळूवर चेंडू कसा ढकलायचा ते शिकवलं होतं आणि आपली गोल्फची जुनी काठीही दिली होती. ती परत करायला तो आला होता.

“ठेवा आंटी. मी काही मेंबर होत नाही.”

“का रे?” नोलीननं विचारलं. कारण तर तिला माहीत होतं.

“फळी मी नाही नेली. पण नाही नेली, नाही नेली असं दारोदार सांगत फिरायचं, त्याचीसुद्धा लाज वाटते हो. बायको म्हणते, दुसऱ्या गावी खेळ. बघू.”

नोलीननं त्याला चहा दिला. बरोबर बिस्किटं दिली, पुन्हा चहा दिला, फक्त खरं काय ते दिलं नाही. तो मान वाकवून “थँक्यू आंटी” म्हणाला आणि गेला.

एरल व्हरांड्यात आले, काठी हातात घेऊन उलटसुलट पाहू लागले. “छान खेळतो हा पोरगा. त्याला मेंबर करून घ्या रे,” ते कुणाला तरी म्हणाले. नोलीन तडक खुराड्यात आली, पोतं ओढून काढलं आणि पिंपावर बसून रडली. कोंबड्या तिच्या पायांशी दाणे शोधत होत्या.

शनिवारी सकाळी तिनं मला गाडीत मागे उघडं टाकलं. एरल शेजारी बसले. क्लबाच्या पत्र्याच्या शेडखाली सॉसेज भाजत होते, सगळी मंडळी जमली होती. नोलीननं मला हातात घेतलं आणि त्यांच्या मधोमध नेऊन उभं केलं. सगळे वळून बघू लागले.

“ही तुमची फळी. एरलनं नेली होती. आणि मी लपवली. त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं.”

कुणीतरी पुटपुटलं, “अगं, आम्ही काही कुणाचं नाव घेतलं नव्हतं...”

“घेतलं होतं. माझ्याच व्हरांड्यात बसून घेतलं होतं. आणि मी ऐकून घेतलं. बेव्हन, सेफोला फोन लाव. आत्ता, इथे.”

बेव्हनचे कान लाल झाले. त्यानं फोन लावला, खरं ते सांगितलं, माफी मागितली. सेफो पलीकडून काहीतरी म्हणाला. बेव्हननं नोलीनकडे पाहिलं. “तो विचारतोय, त्या दिवशी चहा दिला, तेव्हा आंटीला माहीत होतं का?”

नोलीननं फोन घेतला. “माहीत होतं रे,” ती म्हणाली.

 पलीकडून “बरं” एवढंच आलं आणि फोन बंद झाला. सेफो त्या दिवशी आला नाही. मेंबर व्हायचं की नाही, ते त्यानं अजून ठरवलेलं नाही, आणि त्याला घाई करायचा हक्क कुणालाच नाही. बेव्हन दर आठवड्याला त्याच्या दारी जातो. नोलीनही जाते, आणि कधी त्याची बायको तिला आत बोलावते, कधी नाही.

फोन ठेवून नोलीन म्हणाली, “माझं नाव लिहून घे, बेव्हन. एरलबरोबर जोडी लाव.” सॉसेजवाल्यानं तिच्या हातात पाव दिला. कुणी हसलं नाही. बहुतेक जण आपापल्या बुटांकडे बघत होते.

दुपारी दोघं सातव्यावर पोचली. नोलीननं चेंडू किती हरवले ते विचारू नका. एरल वाळूच्या कडेला उभे राहिले. त्यांचे डोळे त्या वेळी अगदी स्वच्छ होते, पूर्वीसारखे.

“सगळ्यांसमोर बोललीस तू.”

“हो.”

“मी नेली ना फळी? मला आठवत नाही. पण मीच नेली असणार.” ते तिच्याकडे वळले. “नोलीन, तुला माझी लाज वाटते का गं?”

मला वाटलं, ती नाही म्हणेल. कुठलीही बायको नाहीच म्हणाली असती.

“वाटते,” नोलीन म्हणाली.

“मग आलीस कशाला?”

“तू एकटा असलास, की जास्त वाटते.”

 एरलनी तिचा हात धरला, माझ्या दांड्यावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवून मला कसं ओढायचं ते तिला दाखवलं. वाट वाकडीतिकडी झाली. चेंडूही भोकात गेला नाही.

मित्रांनो, माझी पट्टी आता गंजली आहे, दांडा हलतो. माझं काय व्हायचं ते होईल. पण तुमच्या घरी कुणी विसरायला लागलं असेल, आजोबा असतील, मावशी असेल, तर त्यांच्या हातातली वस्तू काढून लपवू नका, आणि त्यांनाही लपवू नका. त्यांच्यापायी दुसऱ्या कुणावर आळ येत असेल, तर गप्प बसू नका. चारचौघांत त्यांच्याबरोबर जायची तुम्हाला लाज वाटेल. वाटू द्या. ती बरोबर घेऊन चला, पण चला.